संप्रेरकस्रावी अर्बुदांचे अणुवैद्यकीय चित्रण

शरीरात दडून संप्रेरक स्रवणारी आणि सीटी, एमआरआयच्या नजरेतून निसटणारी लहान अर्बुदे किरणोत्सारी द्रव्याच्या साहाय्याने हुडकण्याची पद्धत. एरवी गाठ आधी हाताला लागते व तिचे परिणाम मागाहून कळतात. या आजारांत परिणाम वर्षानुवर्षे समोर असतात आणि गाठ सापडत नाही. इन्शुलिनोमामुळे उपाशीपोटी साखर उतरून भोवळ येते, फिओक्रोमोसायटोमामुळे रक्तदाब एकाएकी उसळतो, फुप्फुसातील एखादे कार्सिनॉइड एसीटीएच स्रवून कुशिंग संलक्षण उभे करते. रक्त-लघवीच्या तपासण्यांवरून अर्बुद आहे एवढे ठरते. ते कुठे आहे, हा प्रश्न उरतो.

यांपैकी अनेक अर्बुदांच्या पेशींवर सोमॅटोस्टॅटिन या संप्रेरकाचे ग्राही, विशेषतः दुसऱ्या प्रकारचे, दाटीने असतात. सोमॅटोस्टॅटिनचा शोध १९७३ मध्ये अमेरिकेतील सॉल्क संस्थेत रॉजर गीयमँ यांच्या गटाने लावला. ते रक्तात दोन-तीन मिनिटांतच निम्मे होते; म्हणून स्वित्झर्लंडमधील सँडोझ कंपनीने १९८० च्या दशकाच्या आरंभी त्याच ग्राहींना चिकटणारे पण टिकाऊ असे ऑक्ट्रिओटाइड तयार केले. नेदरलँड्समधील रॉटरडॅम येथे एरिक क्रेनिंग व स्टीव्हन लँबर्ट्स यांनी त्याच्याशी किरणोत्सारी आयोडीन जोडून १९८९ मध्ये अर्बुदांची पहिली चित्रे घेतली. पुढे आयोडीनची जागा इंडियम-१११ ने घेतली. त्या तपासणीला रुग्णाला दुसऱ्या दिवशीही यावे लागे आणि बारीक गाठी चित्रात विरून जात.

आज गॅलियम-६८ जोडलेली डोटाटेट, डोटाटॉक, डोटानॉक ही पेप्टाइडे वापरतात. गॅलियम-६८ चे अर्धायुष्य ६८ मिनिटे, म्हणजे दूरवरून आणून साठवण्याजोगे नाही. ते जर्मेनियम-६८ पासून जनित्रात मिळवतात. जर्मेनियमचे अर्धायुष्य सुमारे २७१ दिवस असल्याने जवळ सायक्लोट्रॉन नसलेले रुग्णालयही ते रोज काढून घेऊ शकते. शिरेतून द्रव्य दिल्यावर तासाभरात पेट-सीटी घेतात. प्लीहा, मूत्रपिंडे व पोषग्रंथी स्वाभाविकपणेच उजळतात; त्यांव्यतिरिक्त उजळलेला ठिपका संशयास्पद ठरतो.

या पद्धतीची खरी कसोटी अर्बुदजन्य अस्थिमार्दव या विरळ आजारात लागते. यातील अर्बुद बहुधा सौम्य असते व एफजीएफ-२३ नावाचे संप्रेरक स्रवते. त्यामुळे मूत्रपिंडे फॉस्फेट लघवीवाटे वाहू देतात, शिवाय ड जीवनसत्त्वाचे क्रियाशील रूप पुरेसे बनत नाही. हाडे मऊ पडतात. आधी टाचा, मग कंबर व बरगड्या दुखू लागतात. हाताचा आधार घेतल्याशिवाय उठता येत नाही, चाल बदकासारखी डोलती होते, किरकोळ कारणाने हाड मोडते. रुग्ण संधिवाताची, मणक्याची, कधी मनाचीही औषधे घेत राहतो. रक्ततपासणीच्या चिठ्ठीवर कॅल्शियम व ड जीवनसत्त्व असते आणि फॉस्फरस पुष्कळदा लिहायचाच राहतो. सर्वाधिक वर्षे वाया जातात ती इथे, यंत्रापर्यंत पोहोचण्याआधी. प्राडर यांनी १९५९ मध्ये एका मुलीच्या बरगडीतील अर्बुदाशी या आजाराचा संबंध जोडला. एफजीएफ-२३ हे त्यामागचे कारण २००१ मध्ये उजेडात आले.

हे अर्बुद पायाच्या बोटात, तळव्यात, मांडीच्या हाडात, जबड्यात किंवा नाकाच्या पोकळीत असू शकते आणि अनेकदा एक-दोन सेंटिमीटरचेच असते. कर्करोगासाठी रूढ असलेला पेट-सीटी कवटीच्या तळापासून मांडीच्या मध्यापर्यंत घेतात. तो इथे निरुपयोगी ठरू शकतो, कारण पाय चौकटीबाहेर राहतात. हातांसह टाळूपासून पायाच्या बोटांपर्यंत सगळे शरीर चित्रात यावे लागते. दुसरी अडचण अर्थ लावण्याची. याच रुग्णांच्या हाडांना जागोजागी भेगा असतात आणि भरून येणारी भेगही हे द्रव्य शोषून घेते. उजळलेली बरगडी म्हणजे अर्बुदच असे नव्हे. संशयित जागेची सीटी वा एमआरआयने फेरतपासणी केल्याखेरीज शस्त्रक्रिया ठरवत नाहीत.

सगळ्या गाठींना ही एकच किल्ली लागत नाही. सौम्य इन्शुलिनोमावर सोमॅटोस्टॅटिनचे ग्राही बऱ्याचदा विरळ असतात. त्यासाठी जीएलपी-१ ग्राहीला चिकटणारे एक्सेंडिन-४ वापरतात, जे मुळात हीला मॉन्स्टर या विषारी सरड्याच्या लाळेत सापडले. फिओक्रोमोसायटोमासाठी मिशिगन विद्यापीठात विकसित झालेले एमआयबीजी, तर परावटू ग्रंथीच्या अर्बुदासाठी टेक्नेशियम-९९एम सेस्टामिबी हे जुने पर्याय अजून चालू आहेत.

भारतात या शाखेचे एक मूळ केंद्र म्हणजे मुंबईतील परळचे रेडिएशन मेडिसिन सेंटर. भाभा अणुसंशोधन केंद्राचे हे केंद्र १९६३ पासून कार्यरत आहे. डोटाटेटलाच गॅलियमऐवजी ल्युटेशियम-१७७ जोडून पसरलेल्या अर्बुदांवर उपचार करतात, आणि ते ल्युटेशियम तुर्भ्याच्या ध्रुव अणुभट्टीत तयार होते. परळच्याच केईएम रुग्णालयाच्या अंतःस्रावविज्ञान विभागाने अर्बुदजन्य अस्थिमार्दवाच्या रुग्णांवरील आपला अनुभव प्रसिद्ध केला आहे.

अस्थिमार्दवाचे अर्बुद सापडून भोवतालच्या निरोगी ऊतींच्या पट्ट्यासह पूर्ण निघाले, तर रक्तातील फॉस्फरस काही दिवसांतच मूळपदावर येतो. हाडे भरायला मात्र महिने लागतात. ते सापडले नाही, तर फॉस्फेट व कॅल्सिट्रिऑल (ड जीवनसत्त्वाचे क्रियाशील रूप) दिवसातून अनेकदा घेत राहावे लागते, किंवा एफजीएफ-२३ ला निष्प्रभ करणारे बुरोसुमॅब टोचून घ्यावे लागते. अमेरिकेत या आजारासाठी त्याला २०२० मध्ये मान्यता मिळाली. गाठीचा अंश मागे राहिल्यास आजार परत येतो, कधी कधी बऱ्याच वर्षांनी. म्हणून शस्त्रक्रियेनंतरही फॉस्फरस तपासत राहणे आवश्यक असते.