सुटा भाग आणि तिरकामठा

अमेरिकेत पहिली रायफल स्वतःच्या हाताने जुळवू पाहणारा हौशी माणूस आधी सुट्या भागांचा संच निवडतो. निकाली निघालेल्या लष्करी रायफलींची नळी, दस्ता, चाप, स्प्रिंगा असे सारे वेगळे करून तेथे उघड विकले जाते. तेथील कायद्याच्या लेखी बंदूक म्हणजे क्रमांक कोरलेला मधला सांगाडा. बाकीचे निव्वळ लोखंड आणि लाकूड. तीच चित्रफीत शहाद्यात किंवा तळोद्यात बसून पाहणाऱ्या तरुणाला मात्र परवान्यावाचून साधी नळीही घरात ठेवता येत नाही, कारण भारतीय कायद्यात शस्त्राचा भाग हेही शस्त्रच आहे. या फरकाचे मूळ 1878 सालच्या एका वाक्यात सापडते, आणि त्या वाक्याचा नंदुरबारच्या डोंगराळ मुलखाशी निकटचा संबंध आहे.

व्हाइसरॉय लिटनच्या कारकिर्दीत 1878 चा अकरावा कायदा, म्हणजेच हिंदुस्थानचा शस्त्रकायदा, संमत झाला. ‘शस्त्र’ या शब्दाची व्याख्या करताना त्यात बंदुका, संगिनी, तलवारी, खंजीर, भाले, भाल्यांची पाती आणि धनुष्यबाण गोवले गेले. त्यांच्या जोडीला तोफा, शस्त्रांचे भाग आणि शस्त्रे घडवण्याची यंत्रेही आली. या यादीतल्या दोन गोष्टी शेजारी शेजारी शोभत नाहीत. धनुष्यबाण हे माणसाच्या अतिप्राचीन हत्यारांपैकी एक, तर ‘भाग’ ही त्या काळातली सर्वांत नवी कल्पना.

नवी कशी, हे कळण्यासाठी तोड्याची बंदूक डोळ्यांपुढे आणावी लागते. लोखंडाची लांब नळी, तिला धरणारा लाकडी दस्ता, पेटता तोडा रंजकावर टेकवणारा वाकडा घोडा, आणि दारू ठासण्याचा गज. सारे हाताने घडवलेले. दस्ता मोडला तर सुतार नवा करून देई. घोडा झिजला तर लोहार कानस चालवून दुसरा बसवी. टिकत असे ती नळी, आणि बंदुकीची खरी किंमत तिच्यातच असे. मात्र एका बंदुकीचा चाप उचलून दुसरीत बसवावा, तर तो बसण्याची शाश्वती नसे. प्रत्येक बंदूक ही आपल्यापुरती एकटी असे, म्हणून भागांच्या निवडीचा प्रश्नच उद्भवत नव्हता. निवडायचा तो कारागीर.

ही स्थिती बदलण्याची पहिली ठळक खूण 1785 सालच्या फ्रान्समध्ये दिसते. ऑनोरे ब्लाँ नावाच्या बंदूककाराने तेव्हाचे अमेरिकी वकील थॉमस जेफरसन यांच्यापुढे पन्नास चापांचे भाग सुटे करून खणाखणांत मांडले. जेफरसन यांनी हाताला येईल तो भाग उचलत काही चाप स्वतः जुळवले आणि ते अचूक बसले. सुट्या भागांच्या संचाचा हा आद्य ग्राहक म्हणायला हरकत नाही, जरी त्याने काही विकत घेतले नसले तरी! कल्पना फ्रान्सपेक्षा अमेरिकेत अधिक फोफावली. 1850 च्या दशकात ब्रिटिश सरकारने अमेरिकी यंत्रे मागवून लंडनजवळच्या एनफिल्ड येथील कारखान्यात बसवली. तेव्हा 1853 च्या नमुन्याच्या एनफिल्ड रायफली दोन प्रकारच्या झाल्या. बर्मिंगहॅमच्या कारागिरांनी हाताने जुळवलेल्या रायफलींचे भाग एकमेकींना बसत नसत. यंत्रावर घडलेल्या रायफलींचे बसत. बाहेरून पाहता दोन्ही सारख्याच.

याच एनफिल्डच्या काडतुसावरून 1857 चा भडका उडाला, हे सर्वश्रुत आहे. त्यानंतर ब्रिटिशांनी जे केले ते मात्र पाठ्यपुस्तकांत क्वचितच येते. रायफलीला रायफलपण देतात ते नळीच्या आतले मळसूत्री खाचे. त्यांमुळे गोळी फिरत जाते आणि दूरवर नेम साधतो. उठावानंतर हिंदी शिपायांसाठी एनफिल्डचा वेगळा नमुना काढण्यात आला. घोडा तोच, दस्ता जवळपास तोच, पण नळी आतून गुळगुळीत. शंभरेक यार्डांपलीकडे तिच्या नेमाचा भरवसा नव्हता. गोऱ्या सैनिकाच्या हाती खाचांची नळी, हिंदी शिपायाच्या हाती बिनखाचांची. अविश्वास एका सुट्या भागात कोरून ठेवण्याचे याहून नेमके उदाहरण सापडणे कठीण.

ज्या राज्यकर्त्यांनी एका नळीच्या बळावर सैन्यात दोन दर्जे निर्माण केले, त्यांनी पुढे वीस वर्षांनी कायद्यात ‘भाग’ हा शब्द घालावा, यात नवल ते काय? भाग एकमेकांना बसू लागले होते, म्हणजे नळी एका गावात, चाप दुसऱ्यात आणि दस्ता तिसऱ्यात लपवता येणार होता.

आता व्याख्येतला दुसरा शब्द. आजचा नंदुरबार जिल्हा 1 जुलै 1998 रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झाला; 1878 साली हा सारा मुलूख खानदेश जिल्ह्यात होता. उत्तरेला सातपुडा आणि नर्मदा, खाली तापीचे खोरे, आणि डोंगरात भिल्ल व पावरा वस्ती. येथील तिरकामठा हाही एका अर्थाने सुट्या भागांचाच संच. बांबूची कांब, बांबूच्याच सालीची दोरी, बोरूसारखा हलका दांडा, मागे पिसे, पुढे लोहाराने ठोकलेले पाते. पाते सोडले तर सारे रानात मिळते आणि मोडलेला भाग संध्याकाळपर्यंत नवा होतो. कारखाना नाही, क्रमांक नाही, म्हणून जप्तीलाही अर्थ नाही. एक कामठा काढून घेतला तर दुसऱ्यासाठी बांबूचे बेट उभेच असते.

या मुलखाशी कंपनी सरकारचा अनुभव कडवट होता. 1818 नंतर भिल्लांचे बंड शमेना, तेव्हा 1825 मध्ये जेम्स आउट्रम याच्या हाताखाली खानदेश भिल्ल पलटण उभारण्यात आली; भिल्लांना शस्त्र द्यायचे, पण सरकारी. तरीही 1857–58 मध्ये खाज्या नाईक आणि भीमा नाईक यांनी सातपुड्यात निशाण उभारले. खाज्या हा पूर्वी सेंधव्याच्या घाटाची राखण करणारा सरकारचाच नोकर. एप्रिल 1858 मध्ये आंबापाणी येथे त्यांच्या भिल्लांची इंग्रजी फौजेशी मोठी लढाई झाली.

शिकार, पिकाची राखण, सण आणि लग्न या सर्वांत वावरणारे हत्यार 1878 च्या व्याख्येने एका ओळीत तोफेच्या पंक्तीला बसवले. सूट देण्याचा अधिकार सरकारने स्वतःकडे ठेवला होता, त्यामुळे सगळीकडे धनुष्ये जप्त झाली असे समजण्याचे कारण नाही. पण जे पूर्वापार चालत आले होते ते आता साहेबाच्या मर्जीवर चालू लागले. तीच मर्जी युरोपियनांच्या बाबतीत मात्र नियमांतच उदार होती. 1887 च्या मद्रास अधिवेशनात काँग्रेसने या कायद्याविरुद्ध ठराव केला. त्यामागचा सल मुख्यतः शिकलेल्या वर्गाच्या अपमानाचा होता. अक्राणीच्या डोंगरातल्या तिरकामठ्याची आठवण तेथे कोणाला झाली असेल, असे वाटत नाही.

स्वतंत्र भारताने 1959 मध्ये नवा शस्त्रकायदा केला. त्याच्या व्याख्येतून धनुष्यबाणाचे नाव गेले. शस्त्रांचे भाग आणि ती घडवण्याची यंत्रे मात्र तशीच राहिली, आणि केवळ घरकामाच्या किंवा शेतीच्या वस्तू वगळताना उदाहरण म्हणून लाठीचे नाव घालण्यात आले.