बर्फातल्या आईचं दूध

आजची गोष्ट कॅनडातली, 1980 च्या दशकातली. डॉक्टर एरिक देवायी क्युबेक प्रांतात आईच्या दुधात औद्योगिक रसायनं किती उतरतात, ते तपासत होते. तुलनेसाठी त्यांना एकदम स्वच्छ ठिकाणचं दूध हवं होतं. ते आलं उत्तरेकडच्या नुनाविकमधून, इन्युइट आयांकडून. तिथे ना कारखाने, ना शेती.

रिपोर्ट आला तो उलटाच. पीसीबी नावाचं रसायन इन्युइट आयांच्या दुधात दक्षिणेतल्या आयांपेक्षा जवळपास पाचपट निघालं!

आता हे पीसीबी काय? बेंझिनची दोन कडी एकमेकांना जोडायची आणि हायड्रोजनच्या जागी क्लोरीन बसवायचा. अमेरिकेत 1929 पासून ते विकण्यासाठी बनू लागलं. सहज पेट घेत नाही, वीज वाहू देत नाही, वर्षानुवर्षं खराब होत नाही. ट्रान्सफॉर्मरमध्ये भरायला याहून चांगलं काय हवं?

पण जे यंत्रात टिकतं, ते निसर्गातही टिकतं. कार्बन-क्लोरीनचा बंध तोडणं जिवाणूंनाही जड जातं. शिवाय पीसीबी पाण्यात जेमतेम विरघळतं, चरबीत मात्र छान मुरतं. त्यामुळे ते शरीरातून सहज बाहेर पडत नाही, साठत राहतं.

मग ते बर्फात पोचलं कसं? चहावर झाकण ठेवलं की वाफ थंड झाकणाला लागून पुन्हा थेंब होते ना, तसंच. उबदार भागात ही रसायनं हवेत उडतात, थंडीत खाली बसतात. असे टप्पे घेत, वाऱ्यावर आणि समुद्रप्रवाहांवर ती आर्क्टिक गाठतात. तिथे सूक्ष्म जीवांतून माशात, माशातून सीलमध्ये, असं प्रत्येक पायरीला प्रमाण वाढत जातं. सील आणि व्हेलची चरबी हे तर इन्युइट लोकांचं रोजचं जेवण. आणि सगळ्यात वरच्या पायरीवर कोण? आईच्या अंगावर पिणारं बाळ.

मग आईने दूध तोडायचं का? पीसीबीमुळे बाळाच्या मेंदूच्या वाढीला आणि प्रतिकारशक्तीला धोका असतो. तरी आरोग्य यंत्रणांनी सांगितलं, पाजत राहा. दुधाचे फायदे मोठे आहेत. सल्ला बरोबरच होता. पण जिने हे रसायन बनवलं नाही, वापरलं नाही, तिच्यावर हा विचार करायची वेळ का यावी?

हाच प्रश्न इन्युइट नेत्या शीला वॉट-क्लुटिए यांनी जागतिक वाटाघाटींत नेला. सोबत नेली आई आणि बाळाची दगडी मूर्ती. 2001 मध्ये स्टॉकहोम करार झाला. पीसीबी, डीडीटीसह 12 रसायनं यादीत आली आणि प्रस्तावनेत आर्क्टिकच्या मूळ रहिवाशांचा उल्लेख झाला.

भारत 2006 मध्ये करारात आला. मलेरियाच्या डासांसाठी डीडीटीची सवलत आपण ठेवली. पीसीबीचा वापर पूर्ण थांबवायला मात्र 2016 च्या आदेशाने 31 डिसेंबर 2025 ही मुदत दिली.

बंदीचा उपयोग झाला का? हो. नुनाविकच्या गरोदर बायकांच्या रक्तातलं पीसीबी 1990 च्या दशकापासून बरंच उतरलंय. पण आता तिथे पीफास रसायनं सापडतात; डाग न धरणाऱ्या, पाणी न शोषणाऱ्या वस्तूंमधली. त्यांचंही कौतुक तेच, टिकाऊ म्हणून!

तेव्हा पुढच्या वेळी कुणी 'कधीच खराब होत नाही' म्हणालं, तर एवढंच विचारा: मग शेवटी ते जातं कुठे? भेटू पुढच्या भागात.