लाखेचा दाणा

अहिवारा, दुर्ग, भिलाईच्या धानपट्ट्यात कापणीआधी, उभ्या भाताच्या ओलीत तिवऱ्याचे दाणे फेकतात. नांगरट नाही, खत नाही. भात निघाला की तिवरा वर येतो. पूर्व विदर्भात हीच लाख किंवा लाखोळी. 1956 पर्यंत नागपूर आणि दुर्ग एकाच राज्यात होते.

पाऊस दगा देतो तेव्हाही हे पीक तगते, आणि घात तिथेच आहे. कंपनी सरकारचा अधिकारी स्लीमन याने सागरकडच्या एका गावाची हकीकत लिहून ठेवली आहे. 1829 साली गारपीट, 1830 ला अवर्षण, 1831 ला गव्हावर तांबेरा. राहिला फक्त तिवरा. लोक त्यावर जगले. 1833 पासून तरुणांचे पाय कमरेखाली लुळे पडू लागले. दोन वर्षांत गावातली निम्मी तरुण मुले-मुली त्यात सापडली.

कारण हाती यायला सव्वाशेहून अधिक वर्षे गेली. 1960 च्या सुमारास कॅनबेरात कर्टिस आणि वॉटकिन्स यांनी ग्लुटामेट चेतापेशींना उत्तेजित करते हे दाखवले. 1964 मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत राव, अडिगा आणि सर्मा यांनी लाखेतले विष वेगळे काढले. हे ओडॅप नावाचे अमिनो आम्ल ग्लुटामेटचे सोंग घेते. ग्लुटामेट निरोप देते आणि लगेच उचलले जाते. ओडॅप मात्र त्याच्या जागी बसून पेशीला डिवचत राहते. पेशीत कॅल्शियम घुसते, ती थकून मरते. मेंदूतून पायांकडे जाणारे लांब चेतातंतू आधी जातात. बुद्धी शाबूत, पाय कात्रीसारखे एकमेकांत अडकलेले, आणि ते पुन्हा सुटत नाहीत.

पण वाटीभर वरणाने कोणी पांगळे होत नाही. दोन-तीन महिने मुख्य अन्न तेच असावे लागते. असे कोण खाते? रीवा भागात वेठबिगारांना मजुरीच या धान्यात मिळे. माझ्या मते रोगाच्या इतिहासात हे कलम रसायनाच्या आधी लिहायला हवे. शिवाय भरपूर गरम पाण्यात भिजवून ते पाणी ओतून दिले की बरेच विष निघून जाते. पण दुष्काळात पाणी आणि सरपण दोन्ही आणायचे कुठून?

1961 मध्ये केंद्राने बंदी आणली ती विक्रीवर, पेरणीवर नव्हे. महाराष्ट्राने ती 2008 मध्ये उठवली. रायपूरच्या कृषी विद्यापीठाने कमी ओडॅपचा ‘महातिवरा’ काढला. थंडीत तिवऱ्याच्या कोवळ्या पानांची भाजी मात्र छत्तीसगडात बंदीच्या काळातही शिजत होती.