लोखंड टिकलं, रबर गेलं : चरकवाल्या वॉशिंग मशिनची गोष्ट

घरात वापरल्या जाणाऱ्या यंत्रांचा इतिहास आपण या व्याख्यानांत पाहतो आहोत. आजचं यंत्र आपल्यापैकी बहुतेकांनी फार तर जुन्या अमेरिकन सिनेमात पाहिलं असेल. खाली चार पायांवर उभी मोठी टाकी, आणि तिच्या काठावर एका खांबावर बसवलेले दोन रबरी रोलर. धुतलेला कपडा एका बाजूने रोलरमध्ये सरकवायचा, दुसऱ्या बाजूने तो पापडासारखा चपटा होऊन बाहेर येतो आणि पाणी परत टाकीत पडतं. इंग्रजीत याला रिंगर वॉशर म्हणतात. रसवंतीगृहातला उसाचा चरक डोळ्यासमोर आणा, म्हणजे वेगळं काही समजावायला नको. आपण आज त्याला चरकाचं मशिनच म्हणू या.

आजचा प्रश्न साधा आहे. हे मशिन बनवणं बंद होऊन चाळीस वर्षं उलटली, तरी ते दुरुस्त होतं आणि त्याचे पार्ट मिळतात. आज घेतलेल्या मशिनचं सर्किट बोर्ड दहा वर्षांनी मिळेल की नाही याची खात्री कुणी देत नाही. मग याचे पार्ट का मिळतात?

त्यासाठी अमेरिकेत आयोवा राज्यातल्या न्यूटन नावाच्या छोट्या गावात जावं लागतं. फ्रेडरिक लुईस मेटॅग आणि त्याच्या भागीदारांनी १८९३ मध्ये तिथे कारखाना काढला, तो मळणीयंत्रांना लागणाऱ्या अवजारांचा. शेतीची अवजारं म्हणजे हंगामी धंदा. सुगी संपली की कामगार रिकामे. तो रिकामा काळ भरून काढायला म्हणून १९०७ मध्ये कपडे धुण्याचं हाताने फिरवायचं लाकडी मशिन आलं. नाव ठेवलं 'पास्टाइम', म्हणजे विरंगुळा! कपडे धुणं कुणाचा विरंगुळा असेल, हे नाव ठेवणाऱ्याने घरात विचारलं नसावं. पुढचं मशिन 'हायर्ड गर्ल', म्हणजे चक्क मोलकरीण. हे नाव मात्र खरं बोलून गेलं. रूथ श्वार्ट्झ कोवन या इतिहासकार बाईंनी १९८३ च्या 'मोअर वर्क फॉर मदर' या पुस्तकात हेच दाखवलं : यंत्र आलं, बाहेर जाणारे कपडे आणि मदतीला येणारी बाई गेली, आणि ते काम यंत्रासकट घरच्या बाईच्या अंगावर आलं.

चरक मात्र मेटॅगचा शोध नव्हे. कपडे पिळायचे रोलर एकोणिसाव्या शतकापासून आहेत, आणि त्यात एक गोष्ट आहे जी सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. वॉशिंग्टन शहरात एलन एग्लिन नावाची एक कृष्णवर्णीय स्त्री होती. तिने कपडे पिळायचं एक यंत्र शोधलं आणि १८८८ मध्ये त्याचे हक्क एका दलालाला अठरा डॉलरला विकून टाकले. का विकले, याचं तिने दिलेलं कारण १८९० मध्ये एका नियतकालिकात छापून आलं. शोध काळ्या बाईचा आहे हे कळलं तर गोऱ्या बायका तो विकत घेणार नाहीत, असं तिचं म्हणणं होतं. त्या यंत्रावर पैसे दुसऱ्यानेच कमावले.

आता मशिनच्या आत डोकावू. १९२२ मध्ये मेटॅगच्या कारखान्यातल्या हॉवर्ड स्नायडर या तंत्रज्ञाच्या डोक्यातून आलेलं नवं मशिन बाजारात आलं. तोवर कपडे ढवळणारी दांडी झाकणातून खाली लोंबायची. या मशिनमध्ये पंखा टाकीच्या तळाशी होता. तो पूर्ण गोल फिरत नाही, अर्धा इकडे, अर्धा तिकडे. आपली ताक घुसळायची रवी बघा, दोरी एकदा या हाताने ओढायची, एकदा त्या हाताने. अगदी तीच चाल. कपडे हलत नाहीत तेवढं पाणी कपड्यांतून हलतं. टाकी १९१९ पासून ओतीव अॅल्युमिनियमची झाली होती. या दोन गोष्टींवर मेटॅगने पुढची साठ वर्षं काढली.

धुण्याची पद्धतही समजून घ्या, कारण दुरुस्तीचं मर्म तिच्यात आहे. एकदाच गरम साबणाचं पाणी भरायचं. आधी पांढरे कपडे, मग रंगीत, शेवटी शेतातले मळके. सगळे त्याच पाण्यात. प्रत्येक घाणा झाला की चरकातून काढून शेजारच्या खळबळायच्या टाकीत टाकायचा. चरक खांबावर फिरवता येतो, म्हणून मग दोन टाक्यांच्या मधे आणून पुन्हा पिळायचा. म्हणजे एका कपड्याला दोन-तीनदा रोलरमधून जावं लागतं. सगळ्यात जास्त झिजणार काय? रोलर. आणि रोलरवर असतं रबर.

वीज नसलेल्या शेतघरांसाठी मेटॅगने पेट्रोलवर चालणारं छोटं इंजिन काढलं. पायाने किक मारून सुरू करायचं, आणि धूर बाहेर सोडायला एक लवचिक धातूची नळी खिडकीतून काढायची. तीसच्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेतल्या साधारण दहापैकी एकाच शेतघरात तारेची वीज होती. ग्रामीण विद्युतीकरणाचा सरकारी कार्यक्रम १९३५ मध्ये सुरू झाला, पण तारा पोचायला वेळ लागला. त्यामुळे १९३७ मध्ये, ज्या वर्षी बेंडिक्सने शहरातल्या लोकांना पूर्ण ऑटोमॅटिक मशिन दाखवलं, त्याच वर्षी मेटॅगने शेतकऱ्यांसाठी दोन सिलिंडरचं नवं इंजिन बाजारात आणलं. एकाच देशात, एकाच वर्षी, दोन वेगळी शतकं शेजारी शेजारी नांदत होती असं म्हणा ना.

मग आलं युद्ध. १९४२ च्या सुरुवातीला जपानने मलाया घेतलं, पाठोपाठ डच ईस्ट इंडीज, आणि जगाचं बहुतेक नैसर्गिक रबर तिकडून यायचं. अमेरिकेत रेशनिंग सुरू झालं ते टायरपासून. घरगुती वॉशिंग मशिनचं उत्पादन त्याच वर्षी थांबलं, कारखाने विमानांचे भाग करू लागले. लोकांकडे जे मशिन होतं तेच सांभाळायचं होतं. काम झाल्यावर रोलरवरचा दाब सैल करा, नाहीतर रबर एका जागी चपटं होतं. रोलर पुसून कोरडे ठेवा. तेल लागू देऊ नका. बटणं घडीच्या आत घाला. या सूचना मशिनच्या माहितीपुस्तकात असायच्या, पण त्या मनापासून पाळायची वेळ रबर दुर्मीळ झाल्यावर आली. आज ऐंशी वर्षांपूर्वीचं एखादं मशिन चांगल्या रोलरसकट सापडतं, तेव्हा कुणीतरी दर धुण्यानंतर तो दाब सैल केलेला असतो.

युद्धानंतर ऑटोमॅटिकचं युग आलं. मेटॅगनेही १९४९ मध्ये स्वतःचं ऑटोमॅटिक काढलं. पण चरकाचं मशिन त्यांनी बंद केलं नाही. चौकोनी अॅल्युमिनियम टाकीचं 'मॉडेल ई' तीसच्या दशकाच्या शेवटी निघालं आणि १९८३ पर्यंत बनत राहिलं. चाळीस वर्षांहून जास्त काळ एकच मॉडेल, किरकोळ बदल सोडले तर! याचा दुरुस्तीवर काय परिणाम होतो ते बघा. पन्नास साली घेतलेल्या मशिनला ऐंशी साली बनलेल्या मशिनचे पुष्कळ भाग बसतात. एक मोडकं मशिन दुसऱ्याला पुरतं. आमच्या प्रश्नाचं हे निम्मं उत्तर.

उरलेलं निम्मं उत्तर आमिश लोकांकडे आहे. ओहायो, पेनसिल्व्हेनिया या राज्यांतला हा ख्रिस्ती समाज सार्वजनिक वीजवाहिनीशी घर जोडत नाही. यंत्राला त्यांचा विरोध आहे ही समजूत चुकीची. कोणतं यंत्र चालेल ते प्रत्येक मंडळी आपापल्या नियमांनी ठरवते. कुठे चरकाचं मशिन पेट्रोल इंजिनवर चालतं, कुठे दाबलेल्या हवेच्या मोटरवर. सोमवारी सकाळी तिकडे गेलात तर कपड्यांच्या लांबलचक दोऱ्या दिसतात, त्यांच्यामागे बऱ्याचदा हेच मशिन असतं. जुन्या वस्तू जमवणारा हौशी माणूस वर्षातून एक रोलर घेईल. त्याच्या जिवावर कुणी रबराचा साचा ठेवत नाही. दर आठवड्याला दहा जणांचे कपडे धुणारं कुटुंब मात्र गिऱ्हाईक असतं. पार्ट टिकले ते आठवणींमुळे नव्हे, सोमवारच्या धुण्यामुळे.

आता प्रत्यक्ष दुरुस्ती. जुनं मशिन हाती आलं की पेटीतले गिअर बघून लोक घाबरतात. खरं तर गिअर बहुधा ठणठणीत असतात, कारण ते तेलात बुडालेले असतात. बिघडतं ते रबर. यादी केली तर तीच तीच वस्तू येते : रोलर रबराचे, पाणी सोडायची नळी रबराची, टाकीच्या तळाशी दांड्याभोवतीचं सील रबराचं, पट्टा रबराचा, जुन्या वायरवरचं वेष्टणही रबराचं. यात सील सगळ्यात कपटी. ते गेलं की पाणी हळूहळू गिअरपेटीत उतरतं. म्हणून आधी पेटीतलं तेल बघायचं. काळं असेल तर हरकत नाही. दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय, आणि नवं सील घातल्याशिवाय मशिन फिरवायचं नाही.

पंखा दांड्यावर घट्ट बसलेला असतो, कधी कधी वर्षानुवर्षं. हातोडा घेऊ नका. टाकीत कढत पाणी भरून थोडा वेळ थांबा. पंखा आणि पोलादी दांडा सारख्या प्रमाणात प्रसरण पावत नाहीत, त्यामुळे पकड सुटते. मग दोन्ही हातांनी सरळ वर ओढायचा.

रोलर मागवताना मॉडेलच्या नावावर विसंबू नये, मापं घ्यावीत : रबराची लांबी, रबराचा व्यास, दांड्याची एकूण लांबी आणि दांड्याच्या टोकाचा आकार. चरक मधेच कधी बदलला गेला असेल तर टाकीचं मॉडेल एक आणि चरकाचं दुसरं असतं. आणि रोलर कुठेच मिळाला नाही तर? दांडा फेकू नका. त्यावर नवं रबर चढतं. जुनं रबर खरवडून काढायचं, पोलाद खरखरीत करून चिकटद्रव्य लावायचं, कच्च्या रबराचे थर गुंडाळायचे, वर कापडी पट्टी घट्ट आवळायची आणि वाफेच्या भट्टीत ते पक्कं करून नंतर घासून गोल करायचं. आपल्याकडे छापखान्यांचे आणि कापड गिरण्यांचे रोलर असेच पुन्हा तयार होतात, त्यामुळे ही विद्या आपल्याला परकी नाही. कुणी हौसेने असं मशिन भारतात आणलंच, तर एक लक्षात ठेवा. तिकडची मोटर ६० हर्ट्झची. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट उतरवेल, हर्ट्झ बदलणार नाही. मोटर साधारण सहाव्या हिश्श्याने हळू चालेल आणि जास्त तापेल. जुनी दोन पिनांची वायर तर आधीच काढून टाका. ओल्या फरशीवर उभं राहून वापरायचं धातूचं मशिन आहे, अर्थिंग हवंच.

आणि आता ज्यासाठी आम्ही हा विषय घेतला ते. या मशिनने मुलांचे हात खाल्ले आहेत. रोलर फिरत असताना मूल बोटं लावतं, रोलर हात कोपरापर्यंत, कधी काखेपर्यंत ओढतात आणि तिथे अडकून फिरतच राहतात. कातडी सोलली जाते, आतला मांसल भाग चिरडतो. अशा जखमी मुलांची संख्या एवढी होती की तीसच्या दशकात डॉक्टरांनी त्या दुखापतीला 'रिंगर आर्म' असं वेगळं नावच दिलं. चरकाच्या गुऱ्हाळाशेजारी वाढलेल्या माणसाला हे वेगळं समजवायची गरज नाही. कंपनीही शब्दाला बिचकत असावी. त्या काळच्या जाहिरातींत मेटॅग आपल्या चरकाला 'रोलर वॉटर रिमूव्हर' म्हणायची.

यावर उपाय होता झटक्यात उघडणारा चाप. दांडीवर हाताने थाप मारली की रोलरवरचा दाब सुटतो. पण वर्षानुवर्षं साबण, गंज आणि वाळलेलं ग्रीस साचून हाच चाप आधी अडकतो. आणि चाप अडकला तरी मशिन धुतं, पिळतं, छान चालतं! म्हणून विकणारा म्हणतो, 'चालू कंडिशन'. आमच्या मते ज्या चरकाचा चाप एका हलक्या थापेने सुटत नाही, तो चरक दुरुस्त झालेला नाही, मग रोलर कितीही नवे असोत. चाप सोडवून, धुऊन, स्प्रिंग तपासून, ओला टॉवेल रोलरमध्ये असताना थाप मारून बघायची. एकदा नव्हे, दहादा. आणि तोवर मशिनला वीज देणारं बटण लहान मुलाच्या हाताला लागेल अशा जागी ठेवायचं नाही.

न्यूटनची कथा पुढे थोडक्यात. २००६ मध्ये मेटॅग कंपनी व्हर्लपूलने विकत घेतली आणि २००७ मध्ये न्यूटनचा कारखाना बंद झाला. ज्या गावाची ओळखच वॉशिंग मशिन होती, तिथून मशिन निघेनासं झालं. गावातल्या जिल्हा संग्रहालयात मेटॅगची जुनी मशिनं मांडून ठेवली आहेत. ओहायोतल्या शेतघरांत त्यांचीच भावंडं अजून दर सोमवारी फिरतात, आणि त्यांच्या रोलरवर बसलेलं रबर न्यूटनहून आलेलं नसतं. चला, आता प्रश्न घेऊ. मागच्या रांगेतून हात वर झालाय, तिकडून सुरुवात करू.