फ्लोट (इंग्रजी शब्द)

फ्लोट हा इंग्रजी भाषेत क्रियापद आणि नाम अशा दोन्ही प्रकारे वापरला जाणारा शब्द आहे. द्रवाच्या पृष्ठभागावर न बुडता राहणे हा त्याचा मूळ अर्थ होय. हवेत अलगद विहरणे, एका जागी बांधलेले नसणे, भाग भांडवल बाजारात खुले करणे असे अनेक अर्थ त्यातून विकसित झाले. या सर्व अर्थांना पुरेल असा एकच प्रतिशब्द मराठीत नाही. संदर्भानुसार तरंगणे, तरणे, प्लवन, चित्ररथ, बदलता असे वेगवेगळे शब्द योजावे लागतात.

व्युत्पत्ती

प्राचीन इंग्रजीतील 'फ्लोटियन' या क्रियापदापासून हा शब्द आला आहे. आरमार या अर्थाचा 'फ्लीट', वाहणे या अर्थाचा 'फ्लो' आणि पूर या अर्थाचा 'फ्लड' हे त्याच कुळातील शब्द आहेत. भाषाशास्त्रज्ञ या सर्वांचे मूळ 'प्लेउ' अशा आद्य इंडो-युरोपीय धातूत मानतात. मूळ 'प' ध्वनीचा जर्मानिक भाषांत 'फ' झाला. संस्कृत 'पितृ' आणि इंग्रजी 'फादर' या जोडीतही हाच बदल दिसतो. याच धातूपासून संस्कृत 'प्लु' हा धातू आणि 'प्लव' (तराफा, होडी) हा शब्द आला. त्यामुळे मराठीतील प्लावक, आप्लावित, विप्लव हे तत्सम शब्द 'फ्लोट'चे दूरचे आप्त ठरतात. द्रायू या अर्थाचा इंग्रजी शब्द 'फ्लुइड' मात्र उच्चाराने जवळचा वाटला, तरी तो लॅटिनमधील वेगळ्या धातूपासून आलेला आहे.

मराठी प्रतिशब्द

तरंगणे : 'तरंग' म्हणजे लाट. पाण्यावर किंवा हवेत आधाराविना राहण्याची केवळ भौतिक स्थिती या शब्दाने व्यक्त होते. लाकूड तरंगते, पान तरंगते, ढग तरंगतात.

तरणे : पार जाणे या अर्थाच्या संस्कृत 'तॄ' धातूपासून हा शब्द आला आहे. त्यात बुडण्याच्या संकटातून वाचण्याची छटा आहे. तारू, तारणे, तारणहार तसेच कर्जासाठी दिले जाणारे तारण हे शब्द याच कुळातील होत. संत तुकारामांची इंद्रायणीत बुडवलेली गाथा तेरा दिवसांनी वर आली, अशी वारकरी परंपरेची श्रद्धा आहे. त्या प्रसंगाविषयी 'गाथा तरली' असेच म्हटले जाते. इंग्रजीत या ठिकाणीही 'फ्लोट' हेच क्रियापद येऊ शकते. मात्र त्यात तरण्याची ही छटा उरत नाही.

सांगड : ओंडके, होड्या किंवा भोपळे एकत्र बांधून केलेले तरण्याचे साधन. 'सांगड घालणे' हा वाक्प्रचार यावरूनच रूढ झाला.

फ्लोट आणि प्लावकता यांतील फरक

बोलण्यात 'फ्लोट' आणि 'बॉयन्सी' हे शब्द समानार्थी मानले जातात. शास्त्रीय भाषेत मात्र त्यांत भेद आहे. बॉयन्सी, म्हणजे प्लावकता, द्रायूकडून वस्तूवर वरच्या दिशेने लागणाऱ्या प्लावक बलाशी संबंधित आहे. तरंगणे हा त्या बलाचा एक संभाव्य परिणाम आहे. आर्किमिडीजच्या तत्त्वानुसार हे बल वस्तूने बाजूला सारलेल्या द्रायूच्या वजनाइतके असते. बुडणाऱ्या वस्तूवरही ते कार्य करते. १ लिटर आकारमानाचा २.५ किलोचा दगड पाण्यात बुडतोच, परंतु तेथे त्याचे वजन सुमारे १.५ किलो भासते. विहिरीतून वर ओढलेली घागर पाण्याबाहेर येताच एकाएकी जड लागते, त्याचेही कारण हेच.

वस्तूची सरासरी घनता द्रवापेक्षा कमी असेल, तर ती तरंगते. म्हणूनच पोलादाचा भरीव गोळा बुडतो आणि पोलादाचे पोकळ जहाज तरंगते. बर्फाची घनता समुद्राच्या पाण्याच्या सुमारे नऊ-दशांश असल्याने हिमनगाचा जवळजवळ तितका भाग पाण्याखाली असतो.

मानवी शरीर या सीमेवरच असते. छातीत पूर्ण श्वास भरलेला असताना बहुतेक माणसांची सरासरी घनता गोड्या पाण्यापेक्षा किंचित कमी, तर श्वास सोडल्यावर किंचित जास्त असते. घाबरून हात पाण्याबाहेर उंचावल्यास बाजूला सारल्या जाणाऱ्या पाण्याचे आकारमान घटते आणि तोंड पाण्याखाली जाते. उलट हात पाण्यात पसरून, छाती भरून उताणे राहिल्यास नाक-तोंड पाण्यावर ठेवणे सोपे होते. विहिरीत पोहणे शिकताना पाठीला बांधला जाणारा वाळका भोपळा ही थोडीशीच उणीव भरून काढतो. ५ लिटर आकारमानाचा पोकळ भोपळा पूर्ण बुडाल्यास सुमारे ५ किलो वजनाइतके बल मिळते. त्यातून भोपळ्याचे स्वतःचे वजन तेवढे वजा होते.

इतर अर्थ

* यंत्रे : पाण्याच्या टाकीतील किंवा कार्ब्युरेटरमधील, पातळीनुसार वर-खाली होऊन झडप उघडणारा-मिटणारा पोकळ भाग. मराठीतही याला फ्लोट असेच म्हणतात.
* मासेमारी : गळाच्या दोरीला बांधलेला, मासा लागल्याची खूण देणारा हलका तुकडा.
* मिरवणूक : सजवलेले फिरते वाहन. मराठीत यास 'चित्ररथ' म्हणतात. प्रजासत्ताक दिनाच्या संचलनामुळे हा शब्द सर्वपरिचित आहे.
* काच : वितळलेल्या कथिलावर काचरस पसरवून सपाट काच करण्याची पद्धत. ब्रिटनमधील पिल्किंग्टन कंपनीने ती १९५९ मध्ये जाहीर केली.
* अर्थव्यवहार : बाजारातील मागणी-पुरवठ्यावर सोडलेला चलनाचा दर 'तरता' किंवा 'तरंगता' म्हटला जातो. प्रमुख चलनांचे दर १९७३ पासून तसे झाले. कर्जाच्या 'फ्लोटिंग' दरासाठी 'बदलता व्याजदर' हा शब्द अधिक सुबोध आहे. प्रवर्तकांकडे अडकून न पडलेल्या, प्रत्यक्ष खरेदी-विक्रीस उपलब्ध समभागांना 'फ्री फ्लोट' म्हणतात; मुंबई शेअर बाजाराचा सेन्सेक्स १ सप्टेंबर २००३ पासून या आधारे मोजला जातो.
* संगणन : दशांश चिन्हाची जागा बदलती ठेवून संख्या साठवण्याची पद्धत. येथे पाण्याशी संबंध उरत नाही. 'बांधलेले नसणे' एवढाच अर्थ राहतो.

समानार्थी व विरुद्धार्थी शब्द

इंग्रजीत 'ड्रिफ्ट' (प्रवाहाबरोबर वाहत जाणे), 'हॉव्हर' (हवेत एका जागी राहणे), 'बॉब' (पाण्यावर वर-खाली होणे) आणि 'ग्लाइड' (अलगद सरकणे) हे जवळचे शब्द होत. 'सिंक' म्हणजे बुडणे हा विरुद्धार्थी शब्द आहे.

हे सुद्धा पहा

* आर्किमिडीजचे तत्त्व
* घनता
* चित्ररथ