कारखान्यातील कॅमेरा : स्वतंत्र औद्योगिक छायाचित्रकार आणि त्याच्या चित्राची मालकी

प्रस्तावना

छायाचित्रणाचा इतिहास लिहिताना अभ्यासकांचे लक्ष सामान्यतः दोन प्रकारच्या छायाचित्रकारांकडे जाते. एक, कलावंत म्हणून मान्यता पावलेला आणि दुसरा, वृत्तपत्रासाठी काम करणारा. या दोहोंच्या मध्ये एक तिसरा वर्ग आहे. कोणत्याही कंपनीचा तो पगारी नोकर नसतो. एखाद्या गिरणीचे, धरणाचे, पोलाद कारखान्याचे वा तेलशुद्धीकरण केंद्राचे काम ठरले की साहित्य घेऊन तो त्या स्थळी जातो, ठरलेल्या दिवसांत ठरलेली चित्रे घेतो, मोबदला घेतो आणि पुढच्या कामाकडे वळतो. त्याची चित्रे कंपनीच्या वार्षिक अहवालात, दिनदर्शिकेत, जाहिरातीत छापली जातात. बहुतेक वेळा त्याच्या नावाशिवाय. विसाव्या शतकातील उद्योगाचे जे दृश्यरूप आज आपल्या मनात आहे, त्याचा मोठा भाग मात्र याच वर्गाने घडविला आहे. हे चित्र कोणाच्या नजरेतून घेतले गेले आणि ते कोणाचे, या दोन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. हे प्रश्न वरवर वेगळे दिसले तरी त्यांची मुळे एकमेकांत गुंतलेली आहेत.

मागणीवरून घेतलेले चित्र

ही प्रथा छायाचित्रणाइतकीच जुनी म्हणता येईल. लंडनच्या हाइड पार्कमधील स्फटिकमहाल सिडनहॅम येथे पुन्हा उभारला जात असताना, १८५२ ते १८५४ या काळात, फिलिप हेन्री डेलामोट याने त्या बांधकामाची टप्प्याटप्प्याने चित्रे घेतली, ती क्रिस्टल पॅलेस कंपनीच्या सांगण्यावरून. फ्रान्समध्ये एदुआर बाल्दू याने १८५५ मध्ये उत्तर रेल्वेच्या मार्गावरील स्थानके, पूल व शहरे यांचा संग्रह तयार केला. ही रेल्वे जेम्स दे रॉथ्सचाइल्ड याच्या आधिपत्याखाली होती आणि तो संग्रह त्या वर्षी फ्रान्सभेटीस आलेल्या राणी व्हिक्टोरियाला नजर करावयाचा होता. नव्या उद्योगाला स्वतःची प्रतिमा हवी होती, ती घडविण्यासाठी तो पैसे मोजावयास तयार होता आणि त्या प्रतिमेत काय यावे हेही त्याला ठाऊक होते. एवढ्या तीन गोष्टी या आरंभीच्या उदाहरणांतच स्पष्ट दिसतात.

क्लीव्हलँडमधील एक हिवाळा

या व्यवसायाचे आधुनिक रूप समजून घेण्यासाठी मार्गारेट बर्क-व्हाइट (१९०४-१९७१) हिच्या आरंभीच्या वर्षांइतके बोलके उदाहरण दुसरे नाही. १९२७ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातून पदवी घेऊन ती क्लीव्हलँड येथे आली. वास्तुशिल्पी व उद्यानरचनाकार यांच्यासाठी घरांची व बागांची चित्रे घेऊन ती पोट भरीत असे. ओढा मात्र शहराच्या सखल भागातील कारखान्यांकडे होता. ओटिस स्टील कंपनीचे अध्यक्ष एल्रॉय कूलस यांच्याकडून तिने भट्टीजवळ चित्रे घेण्याची परवानगी मिळविली आणि १९२७-२८ चा हिवाळा त्या कारखान्यात घालविला.

त्या हिवाळ्यातील बहुतेक चित्रे फुकट गेली आणि त्याचे कारण तांत्रिक होते. डोळ्यांना दिपविणारा वितळलेल्या पोलादाचा प्रकाश मुख्यतः तांबडा असतो. त्या काळी प्रचारात असलेल्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला तांबडा प्रकाश जवळजवळ दिसतच नसे. जे दृश्य समोर उभ्या असलेल्या माणसाला सूर्यासारखे तेजस्वी वाटे, ते निगेटिव्हवर काळोखात बुडून जाई. उष्णतेने कॅमेऱ्याला होणारा उपद्रव वेगळाच. शेवटी हॉलिवूडच्या चित्रपटांसाठी बनविलेल्या मोठ्या मॅग्नेशियमच्या मशाली एका फिरत्या विक्रेत्याकडून मिळाल्या. त्यांच्या पांढऱ्या प्रकाशात तिला भट्टीचा परिसर प्रथमच पकडता आला. पुढे छपाईचा प्रश्न उभा राहिला. निगेटिव्हवरील अतितेजस्वी आणि अतिगडद भाग एकाच वेळी सामावून घेणारा कागद मिळाला तेव्हा कुठे चित्रे दाखविण्याजोगी झाली. कूलस यांनी त्यांतील काही प्रत्येकी १०० डॉलर देऊन विकत घेतली आणि आणखी चित्रांची मागणी नोंदविली.

या प्रसंगाकडे केवळ जिद्दीची कथा म्हणून पाहण्याची पद्धत आहे. त्यात स्वतः बर्क-व्हाइटच्या आत्मचरित्राचा वाटा मोठा आहे. इतिहासाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहे ते यामागील अर्थकारण. चित्रे फसली त्या महिन्यांचा खर्च कंपनीने सोसला नाही, तो छायाचित्रकाराने सोसला. फिल्म, कागद, प्रयोग, वेळ हे सारे तिचे. यश आले तेव्हाच कंपनी ग्राहक झाली. स्वतंत्र व्यावसायिकाच्या ‘स्वातंत्र्या’ची ही दुसरी बाजू त्याच्या गौरवगाथेत सहसा येत नाही.

ही चित्रे हेन्री ल्यूस यांच्या पाहण्यात आली आणि १९२९ मध्ये त्यांनी तिला न्यूयॉर्कला बोलावून घेतले. फेब्रुवारी १९३० मध्ये निघालेल्या ‘फॉर्च्युन’ मासिकाच्या पहिल्या अंकात शिकागोच्या स्विफ्ट कंपनीच्या मांसप्रक्रिया उद्योगावर तिची चित्रे होती. मासिकाशी झालेला करार मात्र अर्धवेळ होता. उरलेला काळ तिने जाहिरात आणि औद्योगिक कामांसाठी राखून ठेवला. १९२९-३० च्या हिवाळ्यात बांधकाम चालू असलेल्या क्रायस्लर इमारतीची चित्रे घेतल्यावर तिने आपला स्टुडिओ त्याच इमारतीच्या ६१ व्या मजल्यावर थाटला. महामंदीच्या ऐन भरात असा पत्ता परवडला तो जाहिरातींच्या उत्पन्नावर.

या काळातील तिच्या कारखान्यांच्या चित्रांत माणसे अपवादानेच दिसतात. दिसली तर यंत्राची भव्यता मोजण्याची पट्टी म्हणून. रांगेत मांडलेले नांगराचे फाळ, चक्राकार वळणारे नळ, धुरांडी यांची लयबद्ध मांडणी हेच चित्राचे विषय. हा सौंदर्यदृष्टीचा भाग होता हे खरे. पण ज्याने पैसे दिले त्याला काय दाखवावयाचे होते, याच्याशीही ती दृष्टी नेमकी जुळत होती हे नाकारता येत नाही. १९३४ मध्ये ‘फॉर्च्युन’ने तिला अमेरिकेच्या मध्यवर्ती मैदानी प्रदेशातील दुष्काळाची चित्रे घेण्यासाठी पाठविले. उद्ध्वस्त शेतकऱ्यांचे चेहरे पाहून परतल्यावर जाहिरातींचे काम तिला नकोसे झाले आणि लवकरच तिने ते सोडून दिले. १९३७ मध्ये अर्स्किन कॉल्डवेल यांच्यासमवेत प्रसिद्ध केलेल्या दक्षिणेकडील कुळांवरील पुस्तकात चित्रांचा विषय माणूस हाच आहे. परंतु तोवर तिला ‘लाइफ’ साप्ताहिकाची नियमित नोकरी मिळालेली होती, हेही ध्यानात घ्यावयास हवे. सूत कातण्याच्या चरख्यामागे बसलेल्या गांधीजींचे जगप्रसिद्ध छायाचित्र तिनेच १९४६ मध्ये पुण्यात, ‘लाइफ’साठी घेतले. चरखा आणि पोलादाची भट्टी या दोन्ही प्रतिमा एकाच छायाचित्रकाराच्या असाव्यात हा योगायोग महाराष्ट्रातील वाचकाला विशेष वाटेल.

स्टँडर्ड ऑइलची चित्रशाळा

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात या व्यवसायाला एक वेगळे वळण लागले. न्यू जर्सीच्या स्टँडर्ड ऑइल कंपनीचे जर्मनीच्या आय. जी. फार्बेन या कंपनीशी असलेले करार १९४२ मध्ये अमेरिकी सिनेटच्या चौकशीत उघड झाले आणि कंपनीची मोठी नाचक्की झाली. जनमत सावरण्यासाठी कंपनीने १९४३ मध्ये रॉय स्ट्रायकर यांना पाचारण केले. मंदीच्या काळात अमेरिकी सरकारच्या शेती सुरक्षा प्रशासनासाठी ग्रामीण दारिद्र्याचे विख्यात छायाचित्रण ज्यांनी करवून घेतले, तेच हे स्ट्रायकर. एस्थर बब्ली, गॉर्डन पार्क्स, रसेल ली, टॉड वेब अशा छायाचित्रकारांकडून, काही पगारी तर काही कामापुरत्या नेमणुकीवर, १९५० पर्यंत सुमारे ६७,००० चित्रे जमा झाली. ती आज लुइव्हिल विद्यापीठात आहेत. त्यांत तेलविहिरी आहेत, तशीच तेलाच्या गावांतील दुकाने, बसथांबे, शाळा, कामगारांची घरेही आहेत.

कंपनीच्या पैशावर इतका मोकळा व्यवहार कसा झाला? स्ट्रायकर यांचा व्यक्तिगत दबदबा हे एक कारण. पण कंपनीचे हितही त्यात होते. तेल सर्वत्र आहे, सामान्य माणसाच्या जीवनात आहे, असे दाखविणे हाच तर जनसंपर्काचा हेतू होता. कामगाराच्या घराचे चित्र कंपनीच्या विरोधात जात नव्हते. कंपनीला जेव्हा हा खर्च डोईजड वाटू लागला तेव्हा प्रकल्प आवरला गेला, आणि त्याविरुद्ध दाद मागण्याची सोय कोणत्याही छायाचित्रकाराजवळ नव्हती.

याच्या उलट टोकाचे उदाहरण युजीन स्मिथ यांचे. १९५५ मध्ये पिट्सबर्ग शहरावरील पुस्तकासाठी त्यांना काही आठवड्यांचे, सुमारे १०० चित्रांचे काम मिळाले. त्यांनी हजारो निगेटिव्ह तयार केल्या आणि पुढील कित्येक वर्षे ते त्यांतच गुरफटून राहिले. चित्रसंग्रह थोर ठरला. व्यावसायिकदृष्ट्या तो सर्वनाश होता.

ट्रॉम्बे

स्वातंत्र्योत्तर भारतात औद्योगिक छायाचित्रणाचे केंद्र स्वाभाविकपणे मुंबई झाले. जाहिरातसंस्था, कंपन्यांची मुख्यालये आणि नवे कारखाने एकाच शहराच्या आवारात होते. ट्रॉम्बे परिसरात स्टॅनव्हॅकचा तेलशुद्धीकरण कारखाना १९५४ मध्ये आणि बर्मा-शेलचा १९५५ मध्ये सुरू झाला. या क्षेत्रातील अग्रगण्य नाव म्हणजे मित्तर बेदी (१९२६-१९८५). लाहोरला जन्मलेले बेदी मुंबईत आले, चित्रपटांच्या प्रसिद्धीचे आणि समारंभांचे काम करू लागले. १९५९ मध्ये स्टँडर्ड ऑइलसाठी छायाचित्रण करणारे अमेरिकी औद्योगिक छायाचित्रकार आर्थर द’अराझियन यांच्याशी त्यांची भेट झाली आणि त्यांच्या कामाची दिशा बदलली. पुढील पंचवीस वर्षे त्यांनी पोलाद, तेल, खते, औषधे, हॉटेले अशा नाना उद्योगांसाठी चित्रे घेतली. मुंबईतील महाविद्यालयांत त्यांनी छायाचित्रणाचे अध्यापनही केले. हा विषय अभ्यासक्रमात नीट स्थिरावलेला नव्हता त्या काळात त्याचे मोल मोठे होते.

बेदींच्या चित्रांत नेहरूकालीन विकासाचा आत्मविश्वास दिसतो, असे म्हटले जाते आणि ते योग्यच आहे. टाक्यांचे वर्तुळाकार घेर, मनोऱ्यांच्या उभ्या रेषा, त्यांच्यापुढे लहानशी मानवी आकृती. बर्क-व्हाइटच्या परंपरेशी असलेले नाते उघड आहे. परंतु अशा चित्रामागील श्रम चित्रात दिसत नाहीत. ज्वालाग्राही वायूच्या क्षेत्रात फ्लॅशचा बल्ब पेटविणे धोक्याचे असते. त्यामुळे सुरक्षा विभागाची लेखी परवानगी, नाहीतर संध्याकाळच्या उरल्या प्रकाशात तिपाईवरून दीर्घकाळ घेतलेले चित्र, एवढेच पर्याय राहतात. चित्रासाठी यंत्र थांबविणे म्हणजे उत्पादन थांबविणे. ते क्वचितच मान्य होई. चित्र घेण्याच्या आदल्या दिवशी भिंत रंगविली जाई, कामगारांना धुतलेले गणवेश व नवी शिरस्त्राणे दिली जात. हा या व्यवसायातील सर्वत्र रूढ असलेला शिरस्ता होय. तेव्हा अशा चित्रावरून कारखान्यातील दैनंदिन परिस्थितीचे अनुमान काढणारा इतिहासकार फसण्याचा संभव असतो. कंपनीला आपण कसे दिसावेसे वाटत होते, याचा पुरावा म्हणून मात्र हेच चित्र अव्वल दर्जाचे साधन ठरते.

निगेटिव्ह कोणाची, हक्क कोणाचा

आता मालकीचा प्रश्न. ब्रिटिश कायद्यात १८६२ पासून, आणि १९११ च्या कायद्यात अधिक स्पष्टपणे, मागणीवरून व मोबदला घेऊन काढलेल्या छायाचित्राचा प्रताधिकार, म्हणजेच कॉपीराइट, मागणी करणाऱ्याकडे जात असे. १९११ चा कायदा १९१४ मध्ये काही फेरफारांसह भारतात लागू झाला. स्वतंत्र भारताच्या १९५७ च्या कायद्याने हे तत्त्व कलम १७ (ब) मध्ये कायम ठेवले. विरुद्ध करार नसेल तर मोबदला देऊन छायाचित्र काढवून घेणारी व्यक्ती हीच प्रताधिकाराची प्रथम स्वामी होय. म्हणजे छायाचित्रकार हा त्या चित्राचा ‘कर्ता’ असतो, पण ‘स्वामी’ नसतो. एखाद्या कवीचे तसे होत नाही, जोवर तो नोकर नाही. स्वतंत्र छायाचित्रकाराला मात्र कायद्याने नोकराच्या पंक्तीला बसविले. त्याला नोकराचे वेतन, रजा वा निवृत्तिवेतन यांपैकी काहीच मिळत नाही, हे येथे सांगितलेच पाहिजे.

ज्या देशाकडून हे तत्त्व आले त्याने ते पुढे टाकून दिले. ब्रिटनमध्ये १९८८ च्या कायद्याने मागणी करणाऱ्याचा हा हक्क संपुष्टात आला. अमेरिकेत १९७६ च्या कायद्याने, जो १९७८ च्या आरंभापासून अमलात आला, स्वतंत्र छायाचित्रकाराची बाजू भक्कम केली. त्याआधीच, १९४४ मध्ये स्थापन झालेली तेथील मासिक-छायाचित्रकारांची संघटना आणि १९४७ मध्ये रॉबर्ट कापा, आंरी कार्तिए-ब्रेसाँ प्रभृतींनी स्थापिलेली मॅग्नम ही सहकारी संस्था यांनी हक्क छायाचित्रकाराकडेच राहावेत म्हणून आग्रह धरला होता. भारतात २०१२ च्या दुरुस्तीने छायाचित्राच्या प्रताधिकाराची मुदत वाढली. पूर्वी ती प्रकाशनानंतर ६० वर्षे होती, ती आता इतर कलाकृतींप्रमाणे कर्त्याच्या हयातीनंतर ६० वर्षे झाली. कलम १७ (ब) मात्र जागेवरच राहिले. परिणामी कर्त्याच्या आयुष्यावरून मोजली जाणारी ही दीर्घ मुदत, करार नसल्यास, उपभोगतो तो कंपनीचा वारस. कर्त्याकडे उरतात ते कलम ५७ मधील विशेष हक्क : आपले कर्तृत्व सांगण्याचा आणि चित्राच्या विकृतीला हरकत घेण्याचा.

प्रत्यक्षात कर्तृत्व सिद्ध करणेच अवघड जाते. कंपन्यांची स्वामित्वे बदलली. ट्रॉम्बेचे दोन्ही तेलशुद्धीकरण कारखाने १९७० च्या दशकात सरकारी मालकीचे झाले. स्टॅनव्हॅकचा कारखाना एस्सोमार्गे १९७४ मध्ये हिंदुस्तान पेट्रोलियमकडे गेला. कंपनी बदलली की दप्तरांची छाटणी होते आणि छायाचित्रे हिशेबाच्या वह्यांइतकी काळजीपूर्वक जपली जात नाहीत. १९९१ मध्ये स्थापन झालेले व पुढे पुण्यात आलेले टाटा मध्यवर्ती अभिलेखागार किंवा २००६ मध्ये सुरू झालेले गोदरेज अभिलेखागार यांसारख्या संस्था याला अपवाद आहेत. एरवी संशोधकाला निगेटिव्ह छायाचित्रकाराच्या कुटुंबाकडे, छापील चित्र कंपनीच्या जुन्या अहवालात, आणि मागणीपत्र व देयक, असलेच तर, जाहिरातसंस्थेच्या कागदपत्रांत शोधावे लागते. या तिहींपैकी मालकीचा निर्णय ज्यावर ठरतो तो मागणीपत्राचा कागदच बहुधा सर्वांत आधी रद्दीत जातो.