राणीचा केशप्रसाधक आणि त्याच्या नावावरील 'आठवणी'
साधनचिकित्सेच्या दृष्टीने एक प्रकरण

थोरामोठ्यांच्या खाजगी जीवनाचा इतिहास लिहिताना त्यांच्या निकटच्या सेवकांच्या आठवणींना अभ्यासक सहसा मोठे मोल देतात. जो माणूस नित्य सकाळी तास-दोन तास राणीच्या मस्तकाशी उभा राहिला, त्याला दरबारच्या मंत्र्यापेक्षाही अधिक ठाऊक असावे, अशी ही सरळ कल्पना आहे. ती कितपत ग्राह्य मानावी, हे तपासण्यास फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत हिचा केशप्रसाधक लेओनार ओत्ये याचे प्रकरण फार उपयुक्त आहे.

लेओनार १८२० मध्ये निवर्तला. त्यानंतर अठरा वर्षांनी, १८३८ मध्ये, त्याच्या नावावर 'लेओनारच्या आठवणी' हा ग्रंथ पॅरिसमध्ये प्रसिद्ध झाला. प्रांतातून आलेला एक निष्कांचन तरुण एका नटीची केशरचना करून नावारूपास येतो, सरदारस्त्रियांच्या महालांत प्रवेश मिळवतो आणि अखेरीस राणीचा विश्वासू स्नेही बनतो, अशी ही कथा आहे. संभाषणे तर जणू त्याच दिवशी टिपून ठेवल्यासारखी शब्दशः दिली आहेत. वाचकाला भुरळ घालणारा हा गुणच अभ्यासकाला सावध करणारा आहे.

या ग्रंथाचे कर्तृत्व बारों द लामोत-लांगाँ या लेखकाकडे दिले जाते. मादाम द्यु बारी हिच्यासह अनेकांच्या बनावट आठवणी रचण्याबद्दल तो प्रसिद्ध आहे. त्याच्या कल्पकतेने केवळ हौशी वाचकच फसले असे नाही. १८२९ मध्ये त्याने फ्रान्समधील धर्मन्यायसभांचा जो इतिहास लिहिला, त्यातील चेटकिणींचे खटले विद्वानांनी दीर्घकाळ खरे मानले. ते कल्पित असल्याचे नॉर्मन कोन आणि रिचर्ड कीकहेफर यांनी १९७५-७६ मध्ये दाखवून दिले. अशा लेखणीशी ज्याचा संबंध जोडला जातो, त्या ग्रंथातील एकही संवाद स्वतंत्र पुराव्यावाचून स्वीकारता येत नाही.

मग लेओनारविषयी खात्रीने काय म्हणता येते? त्या काळच्या केशरचनांची उंची ही लेखकाची अतिशयोक्ती नव्हे. राणीची आई मारिया तेरेसा हिने ५ मार्च १७७५ च्या पत्रात मुलीच्या डोक्यावरील पिसे व फिती धरून छत्तीस इंचांपर्यंत गेलेल्या रचनेबद्दल नाराजी व्यक्त केली आहे. लेओनारच्या प्रतिष्ठेचाही पुरावा मिळतो. राजबंधूच्या आश्रयाने स्थापन झालेल्या आणि १७८९ च्या जानेवारीत त्वीलरी राजवाड्यात सुरू झालेल्या नाट्यगृहाचा परवाना त्याला मिळाला होता. प्रख्यात व्हायोलिनवादक व्हियोत्ती हा त्या उपक्रमात त्याचा सहकारी होता. केवळ कंगवा चालवणाऱ्या सेवकाला हे पद लाभते ना.

राणीची परिचारिका मादाम कांपाँ हिने आपल्या आठवणींत याहून महत्त्वाची गोष्ट नोंदवली आहे. राणीच्या सेवेत असलेल्या कारागिराने बाहेरच्या लोकांचे काम करू नये, असा रिवाज होता. अंतःपुर आणि समाज यांतील दळणवळण तोडणे, हा त्याचा हेतू असावा, असे ती सुचवते. परंतु सराव सुटल्यास केशप्रसाधकाची अभिरुची मंदावेल, या भीतीने राणीने त्याला दरबारातील व पॅरिसमधील स्त्रियांकडे जाण्याची मुभा दिली. त्यामुळे अंतःपुरातील बारीकसारीक गोष्टी बाहेर जाण्यास व विपर्यस्त होण्यास वाव मिळाला, असा कांपाँचा अभिप्राय आहे. राणीच्या अपकीर्तीची कारणे शोधणाऱ्या एका निष्ठावंत सेविकेचे हे मत असल्याने ते जपून घ्यावे लागते. तथापि केशप्रसाधकाचे खरे ऐतिहासिक स्थान त्यात दिसते. दोन जगांमध्ये नित्य ये-जा करणारा, दोन्हीकडे बोलणारा आणि दोन्हीकडचे ऐकणारा असा तो माणूस होता.

१७९१ च्या जूनमध्ये हीच ये-जा राजकीय कार्यास लावण्यात आली. २० जूनच्या रात्री राजकुटुंब पॅरिसमधून गुप्तपणे निघाले. लेओनार त्याच दिवशी ड्यूक द श्वाझल याच्याबरोबर पुढे गेला होता. पाँ-द-सोम-व्हेल येथे श्वाझल घोडेस्वारांसह राजाची वाट पाहत होता. राजाला उशीर झाला आणि भोवतालचे शेतकरी संशयाने जमू लागले. तेव्हा श्वाझलने पुढच्या ठाण्यांवरील अधिकाऱ्यांसाठी चिठ्ठी लिहून ती लेओनारच्या हाती दिली. 'खजिना' आज येण्याचे चिन्ह नाही, असा तिचा आशय होता. चिठ्ठी पोहोचताच ठाण्यांवरील दक्षता सैल झाली. त्या रात्री वारेन येथे राजा अडवला गेला.

पुढे या अपयशाचा मोठा वाटा लेओनारच्या माथी मारण्यात आला. परंतु चिठ्ठी श्वाझलची होती आणि ती नेण्यासाठी माणूसही त्यानेच निवडला होता. श्वाझलच्या वृत्तांतात लेओनार हे विनोदी पात्र आहे. दाराला किल्ली तशीच राहिली आहे, एक बाई केशरचनेसाठी वाट पाहत आहे, अशा विवंचनेत तो पडलेला दिसतो. हा वृत्तांत श्वाझलने ऑगस्ट १७९१ मध्ये ऑर्लेआँच्या तुरुंगात आरोपी म्हणून लिहिला आणि १८२२ मध्ये तो प्रसिद्ध झाला, ही गोष्ट येथे विसरून चालणार नाही. आरोपी सेनाधिकाऱ्याला गोंधळलेला केशप्रसाधक सोयीचाच होता.

लेओनारच्या व्यक्तित्वाविषयीचा गोंधळ येथेच संपत नाही. त्याचे भाऊही याच व्यवसायात होते आणि 'लेओनार' या नावानेच ओळखले जात. त्यांपैकी झाँ-फ्रांस्वा याचा २५ जुलै १७९४ रोजी शिरच्छेद झाला. त्यामुळे स्वतः लेओनारच मारला गेला आणि तरीही पुढे जिवंत दिसला, अशी आख्यायिका पसरली. सेवकाचे नाव त्याच्या धंद्याची खूण बनले की त्याचे मरणसुद्धा दुसऱ्याच्या खाती जमा होते.

बखरी आणि समकालीन पत्रे यांतील भेद मराठी अभ्यासकांस राजवाड्यांपासून परिचित आहे. प्रस्तुत प्रकरण त्यात एक भर घालते. १८३८ चा ग्रंथ बनावट म्हणून बाजूला सारणे सोपे आहे. मात्र श्वाझलचा वृत्तांत अस्सल आहे म्हणून निःपक्षपाती ठरत नाही. एकाने लेओनारला राणीचा सखा केले, दुसऱ्याने हास्यास्पद नोकर. दोन्ही चित्रे इतरांच्या गरजेतून निर्माण झाली. त्यांच्या मधोमध उरतो तो एक कुशल, महत्त्वाकांक्षी कारागीर. राणीने त्याच्यावर विश्वास टाकला हे सिद्ध आहे. त्या विश्वासाविषयी त्याला स्वतःला काय वाटत होते, हे या दोन्ही ग्रंथांपैकी एकही सांगू शकत नाही. सेवकवर्गाचा इतिहास लिहिणाऱ्याने ही उणीव कल्पित संवादांनी भरून काढण्यापेक्षा तिची नोंद करणे, हेच अधिक प्रामाणिकपणाचे होय.